बाळंतविडा आणि दोन सुया

जबलपूरच्या सिविल लाइंसमध्ये थंडी दिवाळीनंतर दारात येते आणि संक्रांतीपर्यंत घरात चांगली मुरते. जानेवारीतल्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, पण दुपारी अंगणभर ऊन असतं. त्या उन्हाला पाठ देऊन बायका बसलेल्या, मांडीवर लोकरीचा गुंडा आणि हातात दोन सुया, हे माझ्या लहानपणी इथल्या जुन्या बंगल्यांत आणि सरकारी क्वार्टर्समध्ये रोजचं चित्र होतं. कुंपणापलीकडून पंजाबी आंटी विचारायच्या, "कितने फंदे डाले?" आई तिकडे "एक सौ बीस" सांगायची आणि इकडे वळून मला म्हणायची, "एकशेवीस टाके आहेत का गं, मोजून बघ." कुंपणापलीकडे फंदा, अलीकडे टाका. तिकडे सीधा-उल्टा, इकडे सुलट-उलट. गंमत म्हणजे तिकडच्या भाषेत 'ऊन' म्हणजे लोकर. जबलपूरचा मराठी माणूस उन्हात बसून ऊन विणतो, ते असं.

त्या अंगणात विणलं जाणारं बहुतेक सगळं कुणाला तरी द्यायचं असे. मोठ्या जाऊबाईंच्या सुनेला दिवस गेलेत, भाचीचं लग्न ठरलंय, दीर नोकरीसाठी उत्तरेकडे चाललाय. भेट कोणती हे नातं आणि ऋतू ठरवायचे, हात फक्त ती तयार करायचे. हाताने केलेल्या भेटीबद्दल आज बोलताना आपण भावनेवर फार बोलतो. भावना असतेच. पण अंगाला न होणारा स्वेटर, बाळाला टोचणारं झबलं किंवा लग्न झाल्यावर महिन्याने पोचलेलं तोरण केवळ भावनेवर टिकत नाही. हातची भेट वापरली जावी असं वाटत असेल तर कापड, लोकर, माप आणि दिवस या चारांचा हिशेब आधी हवा. तो हिशेब आपल्याकडे पिढ्यानपिढ्या होता, आणि तोच आज हातातून निसटतो आहे.

सुया इथे कशा आल्या

शिवण आपल्याकडे फार जुनी. दोन सुयांवरचं विणकाम मात्र त्या मानाने नवं. 'विणणे' हे क्रियापद आपण मागावरच्या कापडाला, बाजेच्या दोऱ्यांना आणि बांबूच्या टोपलीला वापरत होतो. एकोणिसाव्या शतकात युरोपीय कुटुंबांतून आणि मिशनच्या मुलींच्या शाळांतून लोकरीचं विणकाम आणि क्रोशा आले, तेव्हा भाषेने तेच क्रियापद त्यांनाही देऊन टाकलं. पुढे मराठी घरांत हे शिक्षण अधिक मोकळेपणाने आलं ते आपल्याच संस्थांमधून. रमाबाई रानड्यांनी पुण्यात 1909 मध्ये सेवासदन सुरू केलं. तिथे लिहिण्या-वाचण्याच्या जोडीला शिवण आणि भरतकामाचे वर्ग होते, कारण विधवा आणि परित्यक्ता बाईच्या हाती मिळकतीचं साधन यावं हा त्यामागचा विचार होता.

जबलपूर हे या देवघेवीचं नैसर्गिक ठिकाण. 1817 पर्यंत इथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता, नंतर इंग्रजांचा आला. 1870 मध्ये मुंबई आणि कलकत्ता जोडणारा लोहमार्ग इथेच सांधला गेला. 1904 मध्ये तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला. छावणी, रेल्वे, कारखाना आणि कचेऱ्या यांच्या मधोमध सिविल लाइंस वसलं. इथे ख्राइस्ट चर्च आहे, त्याच्या नावाच्या शाळा आहेत आणि उच्च न्यायालयही आहे. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नवं मध्य प्रदेश राज्य झालं आणि नागपूरचं उच्च न्यायालय जबलपूरला आलं. त्याबरोबर वकील, कारकून, अधिकारी अशी नागपूरकडची कितीतरी मराठी कुटुंबंही आली. फाळणीनंतर पंजाबी आणि सिंधी कुटुंबं आलेलीच होती. मराठी सुनेला बाळंतविडा माहीत होता, पंजाबी शेजारणीच्या हातात लोकरीचा वेग होता आणि ख्रिस्ती शेजारणीकडे क्रोशाच्या लेशीचे नमुने होते. एका कुंपणावरून हे सगळं इकडून तिकडे जायचं. नाताळात आमच्याकडे केक यायचा, दिवाळीत आमची फराळाची ताटं त्यांच्याकडे जायची, आणि त्या ताटांवरचे क्रोशाचे रुमाल शेजारणींनी शिकवलेल्या नमुन्याचे असायचे.

बाळंतविडा: सगळ्यात शहाणी भेट

मराठी घरातली हातची पहिली आणि सगळ्यात विचारपूर्वक केलेली भेट म्हणजे बाळंतविडा. बाळासाठी झबली, टोपरी, कुंची, दुपटी, लंगोट, मोजे आणि थंडीचे दिवस असतील तर लोकरीचा स्वेटर. बाळंतिणीसाठीही काही. आजी, आत्या, मावशी आपापल्या परीने एकेक वस्तू करत आणि बाळंतविडा मिळून भरत असे. यातली प्रत्येक वस्तू प्रत्यक्ष अनुभवातून ठरलेली आहे.

कुंची घ्या. कापडाची आयताकृती पट्टी मधोमध दुमडायची आणि वरची कड शिवायची, की डोक्याला खोळ तयार होते. उरलेलं कापड पाठीवरून खाली उतरतं. बाळाला मांडीवर घेतलं, की डोकं, मान आणि पाठ एकाच कापडात झाकली जाते, हात घालायची खटपट नाही. नवजात बाळाचं डोकं शरीराच्या मानाने मोठं असतं आणि तिथून अंगातली ऊब पटकन जाते. म्हणूनच आजही दवाखान्यात जन्मताच बाळाला पुसून टोपी घालतात. आपल्या पणज्यांनी हे पुस्तकातून वाचलेलं नव्हतं, पण कुंचीचा बेत नेमका त्यासाठीच होता. खणाची, जरीकाठाची कुंची बारशाच्या दिवशी शोभते. रोजच्या वापराची मात्र मऊ सुती आणि अस्तर लावलेलीच हवी. आणि झोपलेल्या बाळाच्या तोंडावर येईल अशी सैल कुंची कधीच नको.

दुपट्याचंही तसंच. आजीचं धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं किंवा आजोबांचं धोतर यांच्या घड्या एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलं की दुपटं होतं. जुनं कापड इथे काटकसरीपेक्षा अधिक कारणांनी येतं. नव्या सुती कापडात खळ असते, ते कडक असतं आणि पहिल्या धुण्यात आटतं. शेकडो वेळा धुतलेल्या लुगड्यातली खळ गेलेली असते, आटायचं ते आटून झालेलं असतं, धागा मऊ पडलेला असतो. बाळाच्या कातडीला याहून सुरक्षित कापड बाजारात शोधून मिळणार नाही.

हेच तंत्र मोठं झालं की गोधडी होते. कुणी तिला वाकळ म्हणतं, जबलपूरच्या आसपास ती कथरी होते. बंगालात कांथा, बिहारात सुजनी. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका तिला कवंदी म्हणतात, बाहेरच्या कडेपासून आत आत शिवत जातात आणि चारही कोपऱ्यांना कापडाच्या घड्यांची 'फुलं' लावतात. फुलांशिवाय कवंदी पुरी झाली असं त्या मानत नाहीत. जबलपूर हे सलवार-सूट शिवणाऱ्यांचंही शहर आहे. शिवणाऱ्यांकडे कापडाचे तुकडे रोज निघतात, त्यांना इथे कतरन म्हणतात. त्यातल्या सुती कतरनी निवडून, धुऊन, एका मापाचे चौकोन कापून केलेली गोधडी लग्नाच्या भेटीत ठेवली तर ती तीस वर्षं अंगावर राहते.

बाळंतविडा करणाऱ्यांनी एक गोष्ट मनावर कोरून ठेवावी. नवजात बाळाच्या वस्तूंवर मणी, टिकल्या, सुटी बटणं आणि गळ्याभोवती येणाऱ्या लांब नाड्या नकोत. मोजे आणि हातमोजे शिवून किंवा विणून झाले की उलटे करून आतून बघा. आत लोंबणारा एक बारीक दोरा बाळाच्या बोटाभोवती फिरून आवळला जाऊ शकतो, आणि बाळ नुसतं रडत राहतं, आपल्याला कारण कळत नाही. आई प्रत्येक मोजा उलटा करून त्यात आपली करंगळी फिरवायची. अडकेल तो दोरा तिथल्या तिथे शिवून टाकायची. तेवढं झालं की मगच मोजा घडीत जायचा.

संक्रांत, रुखवत आणि एक विलायती लग्न

बाळाच्या पहिल्या संक्रांतीला काळं झबलं शिवायचं, त्यावर हलव्याचे दागिने घालायचे आणि बोरन्हाण करायचं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कोणत्याही दिवशी हे करता येतं. एरवी सणाला वर्ज्य असलेला काळा रंग या एकाच सणाला आपण आवडीने घालतो, कारण काळं कापड उन्हाची ऊब धरून ठेवतं. या झबल्यावर पांढऱ्या दोऱ्याने साखळी टाक्याच्या चांदण्या भरल्या की ते चंद्रकळेचं धाकटं भावंड दिसतं. जबलपुरात संक्रांतीला नर्मदेवर तिलवारा घाटाची जत्रा भरते. सकाळी घाटावर जाऊन आलेली घरं संध्याकाळी हळदीकुंकवाला जमतात आणि वाण लुटलं जातं.

वाणाला अलीकडे प्लॅस्टिकचे डबे आणि चाळण्या येतात. त्याऐवजी एक जुनी साडी घ्या आणि बटवे शिवा. साधारण साडी साडेपाच मीटर लांब आणि एकशे दहा सेंटिमीटर रुंद असते. 20 बाय 25 सेंटिमीटरच्या बटव्यासाठी 22 बाय 56 चा तुकडा लागतो. दोन्ही बाजूंना एकेक सेंटिमीटर शिवणीत जातं, वरच्या दोन्ही टोकांना तीन-तीन सेंटिमीटर नाडीच्या नेफ्यात जातात आणि तळाला नुसती घडी येते, म्हणून तिथे शिवण नाही. साडीच्या रुंदीत असे पाच तुकडे बरोबर बसतात आणि लांबीत नऊ. म्हणजे एका साडीत पंचेचाळीस बटवे. विरलेला भाग सोडला तरी चाळीस सहज निघतात. एका घराचं हळदीकुंकू कपाटातल्या एका साडीत होतं.

लग्नाचं रुखवत हे हातकामाचं मोठं दालन. क्रोशाचं तोरण, ताटावरचा रुमाल, मोत्यांची महिरप, भरलेली आसनं. आज रुखवत आयतंही विकत मिळतं आणि मांडून झालं की कपाटात जातं. पूर्वीच्या रुखवतातल्या बहुतेक वस्तू सासरी वापरात यायच्या. ताटावरचा रुमाल नैवेद्याला, आसन पूजेला, तोरण दाराला. रुखवताची एकच वस्तू करायची असेल तर वापरली जाईल ती करावी.

हाताने केलेली भेट श्रीमंतांच्या मांडवातही मान राखते, याचा एक पुरावा आपल्याच देशातला आहे. नोव्हेंबर 1947 मध्ये राजकन्या एलिझाबेथचं लंडनमध्ये लग्न झालं. अडीच हजारांहून अधिक भेटी आल्या, त्यात हिरेमाणकांचे दागिनेही होते. गांधीजींनी स्वतः कातलेल्या सुताची विणलेली लेस पाठवली. तिच्या मधोमध 'जय हिंद' विणलेलं होतं. ती अजून ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात जपलेली आहे. देशाला स्वातंत्र्य मिळून तीन महिने झाले होते, आणि ज्या चरख्याने परक्या कापडाशी झुंज घेतली त्याच चरख्याचं सूत आहेर म्हणून गेलं.

लोकर ओळखावी कशी

आता हाताखालच्या गोष्टींकडे येऊ. दुकानात 'लोकर' म्हणून मिळणारा बराचसा धागा खरं तर ॲक्रिलिक असतो. तो पेट्रोलियमपासून बनतो आणि 1950 पासून बाजारात आहे. तो वाईट नाही. स्वस्त आहे, रंग टिकतात, कसर लागत नाही, मशीनमध्ये धुता येतो. पण मेंढीची लोकर वेगळीच. तिच्या तंतूंना नैसर्गिक कुरळेपणा असतो, त्यांच्यामध्ये हवा अडकते आणि ऊब खरं म्हणजे ती अडकलेली हवा देते. शिवाय लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश इतका ओलावा पिऊनही ओली लागत नाही. म्हणून घामात आणि धुक्यात ती अंगावर सुखाची वाटते.

ओळखण्यासाठी धाग्याचा एक इंच तुकडा चिमट्यात धरून, वाटीवर, आगपेटीने पेटवून बघा. खरी लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत दूर केली की ती लवकर विझते आणि मागे उरलेली राख बोटात चुरते. ॲक्रिलिक वितळत जळतं आणि थंड झाल्यावर त्याचा कडक मणी होतो. म्हणूनच चुलीपाशी, शेकोटीपाशी वावरणाऱ्या माणसाला ॲक्रिलिकची शाल भेट देऊ नये. आणि तान्ह्या बाळाच्या अंगाला थेट लागणारं वस्त्र सुतीच असावं, लोकर त्यावरून.

खऱ्या लोकरीचा स्वभाव मला एका टोपीने शिकवला. भाच्यासाठी हौसेने मेंढीच्या लोकरीची टोपी विणली, आणि भेट देण्याआधी स्वच्छ असावी म्हणून गरम पाण्यात चोळून धुतली. वाळली तेव्हा ती जाड, दाट आणि मुठीएवढी झाली होती. कारण सोपं आहे. लोकरीच्या तंतूवर माशाच्या खवल्यांसारखे सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात आणि पुन्हा सुटत नाहीत. घोंगडी दाट होते ती याच गुणाने, आणि स्वेटर बिघडतो तोही यानेच. लोकरीची वस्तू द्याल तेव्हा एका चिठ्ठीवर लिहून द्या: थंड पाणी, सौम्य साबण, पिळायचं नाही, सपाट ठेवून सावलीत वाळवायचं.

सुयांचे नंबर आणि टोपीचं गणित

आपल्याकडच्या सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. आठ नंबरची सुई चार मिलिमीटर जाड, दहाची सव्वातीन, बाराची पावणेतीन. नीलगिरीतल्या केट्टी इथे 1949 मध्ये सुरू झालेल्या कारखान्याच्या 'पोनी' सुया देशभर मिळतात आणि त्यांवरही हे नंबर असतात. बॉर्डर बाराच्या सुईने आणि अंग दहाच्या सुईने विणायची आपल्या आयांची रीत आहे, कारण बारीक सुईने कड आवळून बसते.

मापाचं गुपित नमुन्यात आहे. सुरुवात करण्याआधी त्याच लोकरीचा, त्याच सुईने, निदान पंधरा सेंटिमीटरचा चौकोन विणायचा आणि मधल्या दहा सेंटिमीटरमध्ये टाके किती आणि ओळी किती ते मोजायचं. प्रत्येकीचा हात वेगळा असतो. कुणाचा घट्ट, कुणाचा सैल. पुस्तकातले टाके पुस्तक लिहिणारीच्या हाताचे असतात, आपल्या हाताचे नसतात.

एक उदाहरण करून बघू. तीन महिन्यांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 40 सेंटिमीटर असतो. टोपी डोक्याला बसावी म्हणून ती थोडी लहान विणायची, 36 सेंटिमीटर. समजा तुमच्या हाताने दहा सेंटिमीटरमध्ये 26 टाके आणि 34 ओळी येतात. मग 36 सेंटिमीटरला साधारण 94 टाके झाले. दोन सुलट दोन उलट अशा बॉर्डरसाठी चारने भाग जावा आणि शेंड्याला आठ भागांत टाके कमी करता यावेत, म्हणून 96 घालायचे. तीन सेंटिमीटर बॉर्डर, मग एकूण दहा सेंटिमीटर उंचीपर्यंत सरळ. त्यानंतर एका ओळीत आठ ठिकाणी दोन टाके एकत्र विणायचे, पुढची ओळ साधी. अशा 22 ओळींत 96 चे 8 टाके उरतात. त्या आठांतून दोरा ओवून ओढला की शेंडा बंद झाला, आणि बाजूची शिवण घातली की टोपी तयार.

शिवण घालताना एक काळजी. बाळ ज्या बाजूला झोपतं तिथे जाड शिवण टोचते. टाक्याला टाका सपाट जोडायची एक रीत आहे. तिला लॉर्ड किचनरचं नाव मिळालं आहे. हा तोच किचनर, जो 1902 ते 1909 भारतात सरसेनापती होता आणि ज्याच्या काळात जबलपूरचा तोफगाड्यांचा कारखाना सुरू झाला. पहिल्या महायुद्धात सैनिकांसाठी विणलेल्या मोज्यांची बोटांकडची बाजू या टाक्याने बंद केली, की शिवणीचा उंचवटा राहत नाही आणि कूच करताना पायाला फोड येत नाहीत. युद्धांनी आपल्या विणकामाला आणखी नावं दिली. रॅगलन बाही आणि कार्डिगन ही क्रिमियाच्या युद्धातल्या दोन सेनानींची नावं. त्याच युद्धात 1854 मध्ये बॅलाक्लाव्हाची लढाई झाली, आणि त्या गावाच्या नावाने जगभर ओळखली जाणारी टोपी आपल्याकडे माकडटोपी झाली. 1962 च्या युद्धात हिमालयातल्या जवानांसाठी देशभरच्या बायकांनी स्वेटर विणले. अनोळखी माणसासाठी विणायची सवय तशी जुनी आहे.

दिवसांचा हिशेब

हातची भेट अर्धवट राहते याचं कारण आळस क्वचितच असतो. बहुतेक वेळा सुरुवात उशिरा झालेली असते. वरच्या टोपीत साधारण साडेचार हजार टाके आहेत. बऱ्यापैकी सवयीचा हात मिनिटाला वीस-पंचवीस टाके टाकतो. म्हणजे टोपी साडेतीन तासांची. आता शंभर सेंटिमीटर छातीचा स्वेटर घ्या. अंगाला 260 टाके, पासष्ट सेंटिमीटर लांबीला 221 ओळी, म्हणजे सत्तावन्न हजारांवर टाके. दोन्ही बाह्या धरल्या की ऐंशी हजारांच्या घरात जातात. याला पंचावन्न तास लागतात. नाताळला द्यायचा असेल तर गणपती विसर्जन झालं की टाके घालायचे. हाती साधारण शंभर दिवस असतात. रोज पाऊण तास बसलं तर शिवण, काजं, बटणं धरून तो वेळेत होतो. डिसेंबरात सुरू केलेला स्वेटर होळीला पुरा होतो, आणि तेव्हा जबलपुरात पंखे लागलेले असतात.

म्हणून नवशिक्यांनी स्वेटरपासून सुरुवात करू नये. पहिली भेट मफलर, तीही सगळी सुलट टाक्याची. दुसरी टोपी, कारण तीत टाके कमी करणं शिकता येतं. तिसरे मोजे, ज्यात टाच वळवावी लागते. टाच वळवता आली की विणकामातलं काही अवघड राहत नाही. शिवणीत तसंच: आधी बटवा, मग दुपटं, मग झबलं. हे मुलींनाच शिकवायचं असंही काही नाही. युरोपात विणकरांचे संघ शतकानुशतकं पुरुषांचे होते, आणि 1589 मध्ये मोजे विणायचं पहिलं यंत्र बनवलं ते विल्यम ली या पाद्र्याने. जबलपुरातल्या शिवणयंत्रांवर आजही किती पुरुष बसतात ते बघा. आपल्या घरातल्या मुलाच्या हातात सुई दिली तर बिघडत काहीच नाही, बटण लावण्यासाठी तो कुणाच्या तोंडाकडे बघणार नाही एवढं मात्र होतं.

सिविल लाइंसच्या अंगणातल्या त्या खुर्च्या आता कमी झाल्या आहेत. बंगल्यांच्या जागी इमारती आल्या, ऊन गच्चीत गेलं. हिवाळ्यात लुधियानाचे स्वेटर स्वस्तात मिळतात, तेव्हा पंचावन्न तासांचा स्वेटर सगळ्यांनी विणावा असा आग्रह मी धरणार नाही. पण ज्यांच्या घरात अजून एखादी आजी, मावशी किंवा शेजारची आंटी आहे, जिच्या हातात टाका न बघता पडतो, त्यांनी यंदा तिच्याशेजारी बसावं. नमुन्याच्या वहीत सगळं लिहिता येत नाही. बोटात धागा किती घट्ट धरायचा हे शेजारी बसूनच कळतं, आणि ती बोटं थांबली की ते ज्ञानही थांबतं.

आणि एक विनंती. जवळच्या सरकारी प्रसूतिगृहात जाऊन तिथल्या सिस्टरांना विचारा की बाळांसाठी टोप्या चालतील का, कोणत्या मापाच्या आणि कोणत्या धाग्याच्या हव्यात. हो म्हणाल्या तर त्या मापाने विणा, आतले दोरे करंगळीने तपासा, धुऊन वाळवून द्या. बाळंतविडा नात्यातल्या बाळासाठी असतो, पण ज्या बाळाकडे कुणाचाच बाळंतविडा येणार नाही त्याला थंडी तेवढीच वाजते. एका टोपीला साडेतीन तास लागतात.